रुद्राप्पांची भरलेली दोण

बनाबाईचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या पाण्यात वाकून बघण्यात गेलं. आरोग्य खात्याच्या नोकरीत कसबा बावड्यात घरोघर फिरायचं, बॅरलात, माठात, टाकीत बॅटरी मारायची आणि डासांच्या अळ्या दिसल्या की पाणी ओतायला लावायचं. कुणाला आवडेल? नळाला पाणी दिवसाआड, ते बायकांनी जिवापाड साठवलेलं, आणि ही बया म्हणते ओता. बोलणी खाऊन तिचे कान किटले होते. गुडघे तर केव्हाच कामातून गेले होते.

सगळ्या बावड्यात तिला ‘बसा’ म्हणणारं घर एकच, रुद्राप्पांचं. मागच्या वर्षी त्यांची शेवटची म्हैस मेली. गोठा पाडला, पण जनावरांना पाणी पाजायची दगडी दोण अंगणात तशीच राहिली. दोण रिकामी पडली की घर रितं होतं, असं रुद्राप्पांची आई म्हणायची. म्हणून म्हातारा रोज सकाळी तिच्यात तांब्याने पाणी वाढवायचा. आधीचं मात्र एरवी ओतायचा नाही. बनाबाईचं माहेर म्हशीवाल्यांचंच. तिला ते कळत होतं, आणि वाद घालायचं त्राणही उरलं नव्हतं. तिने दोणीत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले आणि चहा प्यायली.

बेंदराला, बैलांच्या सणाला, रुद्राप्पांनी दरवर्षीच्या सवयीने दोण उपसून, घासून लख्ख केली. मासे गटारात गेले. दोण लगेच पुन्हा भरली, आणि बनाबाईला हे सांगावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक प्रेरणा आठव्या महिन्यात हुडहुडी भरून तापली. रक्तात हिवताप निघाला. दवाखान्यातून औषध सुरू झालं, पण पोटातल्या जिवाबद्दल डॉक्टर छातीठोक काही सांगेनात.

बनाबाईने दोणीत पळी बुडवून वर काढली. अळ्या पाण्याच्या वरच्या थरालगत आडव्या पडल्या होत्या. गटारातल्या डासांच्या अळ्या तिरक्या लटकतात. आडव्या म्हणजे हिवतापाच्याच.

“अण्णा, ओता ह्ये.”

“बनाक्का, डास गटारात हुतोय. ह्ये पाणी बघा की, आरशागत हाय.”

“ह्या डासाला असलंच पाणी लागतंय. आठ-दहा दिसांत अळीचा डास हुऊन उडून जातोय. पोरीला चावलेला डास उद्या तुमास्नी चावला, तर तुमास्नी बी ताप.”

रुद्राप्पांनी दोणीच्या काठावर हात ठेवला. “म्हस मेली तवा बी ही रिती ठेवली न्हाय मी. आता पोरगी आजारी असताना घर रितं करू व्हय?”

बनाबाई पायरीवर बसली. तिला राग आला होता, पण रागावायलाही अंगात बळ लागतं. एवढी वर्षं हेच सांगत आलो, आणि शेवटी आपल्याला बसा म्हणणाऱ्या घरातच हे व्हावं, याचं तिला रडू येत होतं.

तेवढ्यात रुद्राप्पांची बायको, शांतादेवी, आतून बादली घेऊन आली. ही बाई नवऱ्यापुढे कधी चकार शब्द काढणारी नव्हे. ती वाकली आणि दोणीतलं पाणी उपसून अंगणात फेकायला लागली.

“अगं, काय करतीस?”

“पोरीची वटी भरलीया न्हवं?” ती न थांबता म्हणाली. “ती रिती झाली, तर ही दोण भरून काय करायचं?”

रुद्राप्पांनी काठावरचा हात काढला. मग खाली बसून, बादलीत न येणारं तळाचं पाणी त्यांनी ओंजळीने काढलं.

बनाबाई चहा न घेताच उठली. शेजारच्या घरात दोन बॅरलं बघायची होती.