देवरावनं घेतलेलं स्वतःचं माप

पांढरकवड्यात देवराव दातांच्या कवळ्या करायचा. दवाखान्यामागची टिनाची खोली, प्लास्टरची पोती आणि घासायचं मशीन. तोंडं डॉक्टरीणबाई बघायच्या, देवरावकडे नुसते साचे यायचे. पण नजर मोठी पक्की. साच्यातल्या झिजलेल्या दाढा पाहूनच सांगायचा, "हा मानूस झोपेत दात खाते."

दोन हजार पाच-सहाची ती वर्षं. कापसानं सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळवलं होतं. जिनिंगवाले, बियाणं विकणारे, झालंच तर मास्तर, सगळेच झोपेत दात खायला लागले. कवळ्या मागं पडल्या आणि नाइट गार्ड आले. झोपताना दातांवर बसवायचं ते पारदर्शक कवच, ज्याच्या त्याच्या मापाचं. देवरावनं ढिगानं केले. आणि स्वतः मात्र रात्रभर करकर दाढा चावत पडायचा. आता याला शहाणा म्हणावं की काय, तुम्हीच ठरवा!

त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, वीस वर्षं तो आवाज सोसला. शेवटी ती नागपूरला मुलाकडे, रोशनकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "हा आवाज बंद करा, मंग येईन मी."

ती गेली आणि घर खायला उठलं. तेव्हा कुठं गडी हलला. डॉक्टरीणबाईंना सांगून स्वतःच्या दातांचं माप घेतलं. जिभेला कड लागू नये म्हणून आठवडाभर गार्ड घासत बसला. दीड महिना रोज लावला. सकाळी जबडा दुखेना. पण आवाज गेला की नाही, हे ऐकायला घरात होतं कोण? मग त्यानं उशाशी टेप लावून ठेवला. सकाळी ऐकतो तर पाऊण तास नुसतं कूस बदलणं, खाटेची कुरकुर आणि खाकरणं. कॅसेट संपली तरी झोपेचा पत्ता नव्हता. तीन दिवस हेच. पण दातांचा आवाज एकदाही नाही, एवढ्यावरच स्वारी खूश.

रविवारी सकाळी त्यानं एसटीडी बूथ गाठला.

"आवाज बंद झाला, पंचफुला. टेपात भरून आयकला मी."

"झोपले होते का तवा तुमी?"

देवराव चपापला. बायकोशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "तू गेल्यापासून झोपच नाही मले."

पंचफुला बोलली ती रागानं नव्हे, अगदी मायेनं.

"मले इथं लय चांगली झोप लागते हो. लग्न झाल्यापासून अशी लागली नव्हती."

देवरावला "ये" म्हणायचं होतं. त्यासाठीच तर तो आला होता. बूथबाहेर दोन माणसं ताटकळत उभी होती.

"मंग झोप तू," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.