लाडवातले चार धातू

मंडळी, आज सकाळी दौंडच्या विहारात माझ्या बारावी सायन्सला असलेल्या पुतणीचं, अश्विनीचं, पहिलं भाषण होतं. कुणी मध्येच अडवेल, याचीच तिला धास्ती होती.

समोर बसलेल्या खुटबाव गावच्या आबांनी अडवलंच. "धम्मात पृथ्वी, आप, तेज, वायू, चारच धातू, म्हंजी मूळ तत्त्वं. तुमच्या सायन्सात शंभराच्या वर. मंग खोटं कोन गं?"

अश्विनीनं वाटायला आणलेल्या लाडवांतला एक ताजा लाडू त्यांच्या हातावर ठेवला.

"आबा, घट्ट लागतो ती पृथ्वी. चिकटून वळलेला राहतो ते आप, म्हणजे पाणी. कोमट आहे ते तेज. दाबल्यावर सरकतो तो वायू. बुद्ध जाणवतं ते सांगतात, सायन्स आत काय आहे ते शोधतं. खोटं कुणीच नाही."

आबांनी लाडू तोंडात टाकला. "आन् आता ह्यो अनित्य झाला!"

विहारभर हशा. अश्विनी सगळ्यांत मोठ्यानं हसली आणि उरलेलं भाषण कागद न बघता बोलली.

तुमच्याकडे भर सभेत मुलींना असे प्रश्न विचारतात का?