मंगळवार पेठेतली मास्टर टेप

पुण्याहून निघण्याआधी मी अण्णांना तीनदा फोन केला होता. पुण्यातल्या नव्हे, आईच्या गावच्या मंगळवार पेठेत त्यांचा जुना रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. माझ्या तान्हेपणी आईने तिथे आठ भीमगीतं गायली, त्यांची कॅसेट निघाली. आता आई नाही. घरातली कॅसेट प्लेअरने चावली, दुसरी प्रत कुठे मिळाली नाही. उरली ती मूळ रेकॉर्डिंगची मास्टर टेप. तिन्ही वेळा अण्णा म्हणाले, "हाय की! तुमच्या आईच्या नावानं हाय. या."

सकाळची एसटी हायवेच्या कामात रखडली आणि मी भर दुपारी पोचले. तुम्ही ही वेळ टाळा. पेठेतली दुकानं जेवून झोपतात, चारनंतर उघडतात. तोवर मिसळ खाल्ली. सोबत स्लाइस ब्रेड येतो. रस्सा पुन्हा मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.

चार वाजता अण्णांनी डबा काढला. वर आईचं नाव, सुवाच्य अक्षरात. मशीनचा पट्टा तुटलेला; त्यांनी सायकलच्या ट्यूबचा कापून बसवला. टेप फिरली आणि कुणी चेअरमन बोलू लागले. साखर कारखान्याचा बॉयलर पेटवण्याचा समारंभ!

"अण्णा, हे काय?"

"शिरोळकडची आर्डर हुती ती. कॅसेट निघाली की मास्टर मोकळा, त्याच्यावरच दुसरं भरायचं. टेप काय स्वस्त हुती व्हय?"

"मग डब्यावर आईचं नाव कसं?"

"डबा त्यांचाच हाय की! डबा कुठं बदलला?"

एवढ्यासाठी मी सहा तास हाडं खिळखिळी करून घेतली होती. मी पर्स उचलली.

"बसा की पावणं, च्या आलाय. आनि भाषण लहान हाय. म्होरं जुनं ऱ्हातंय कवाकवा."

रागानेच बसले. ऊस, सभासद, आभार. मग खट्ट आवाज, आणि आई! शेवटचं कडवं, ताल संपला, आणि कॅसेटमध्ये कधीच नसलेलं तिचं बोलणं: "झालं न्हवं? जाऊ का? पोरगी उठली आसंल माझी."

अण्णा चहा ढवळायचे थांबले. "ते कापलं हुतं आमी कॅसेटला," एवढंच म्हणाले.

घरी येऊन दोन आठवडे झाले. अण्णांवरचा राग गेलेला नाही. सात गाणी गेली ती गेलीच. टेप पुन्हा फिरवून मोबाइलवर घेतलेला तुकडा मिनिटभराचाही नाही. लेकीने विचारलं, "सुरुवातीचं भाषण कापून देऊ?" मी नको म्हटलं. "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," असं चेअरमन म्हणतात, आणि मी रोज त्यांचे मनापासून आभार मानते.