अर्धं पाऊल मागे

माझ्या व्याह्यांसारखा अजब पळणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. बाकीची माणसं पुढं जाण्यासाठी घाम गाळतात, आमच्या व्याह्यांनी तो कित्येक महिने मागं राहण्यासाठी गाळला, आणि तोही एकट्या माझ्या मागं. दुसऱ्या कुणाच्या मागं राहायची त्यांना अजिबात हौस नव्हती. रविवारी पहाटे मलकापुरातून आमचा घोळका निघायचा. त्यात इंजिनिअरिंगची पोरं असायची, दोन डॉक्टर असायचे, साखर कारखान्यातले एक केमिस्ट असायचे. यांतला कुणीही शेजारून पुढं सरकला की व्याह्यांचे पाय कसे शिवशिवतात हे मला न बघताही कळायचं. पण माझ्या डाव्या खांद्यामागं अर्धं पाऊल, ही त्यांची ठरलेली जागा. ती त्यांनी कधी सोडली नाही. डावीकडं का, तर आम्ही उजव्या कडेनं पळायचो, म्हणजे रस्त्याची वाहती बाजू ती, आणि ट्रॅक्टरनं कुणाला उडवायचंच झालं तर त्यानं आधी मुलीच्या बापाला उडवावं, असा त्यांचा हिशेब. मी जोरात पळालो की ते जोरात, मी चालायला लागलो की तेही चालत. मी नाडी बांधायला वाकलो की ते आपली घट्ट बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत बसायचे.

आमचे व्याही विट्याजवळच्या एका खेड्यातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तमिळ मुलखातल्या एका बाजारपेठेत सोनं गाळण्याच्या भट्टीसमोर काढली. मग दुकान मुलाच्या हवाली करून गावी परतले. डॉक्टरांनी छातीसाठी रोज चालायला सांगितलं, तर हे दुसऱ्याच आठवड्यात पळायला लागले. चालणं म्हणजे त्यांच्या मते रिकामटेकड्यांचं काम. भट्टी सुटली तरी भाषा काही सुटली नाही. पळणं मनासारखं झालं की, "आज चोख झालं बगा." दम लागला की, गाळताना सोनं घटावं तसं, "आज लय घट आली." आम्हा दोघांनाही या पळणाऱ्यांच्या गटात ढकललं ते त्यांच्या मुलीनं, म्हणजे आमच्या सूनबाईंनी. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन घरात सोफा झिजवत होतो, ते तिला बघवेना. ती स्वतः पट्टीची धावणारी. बापाच्या आणि सासऱ्याच्या नाकासमोरून ती भुर्रकन निघून जायची, आणि त्याचं व्याह्यांना काडीचंही वाईट वाटायचं नाही. नियम फक्त त्यांच्यापुरता होता.

दर रविवारी संध्याकाळी आमच्या गटात प्रत्येकानं आपल्या आठवड्याचा अहवाल मोबाइलवर टाकायचा अशी पद्धत आहे. किती धावलो, कुठं दुखलं, शर्यतीची तयारी कुठवर आली, असं सगळं. पोरं नकाशे आणि आलेख टाकतात. आमचे व्याही बोललेला निरोप टाकायचे, आणि त्यात त्यांचं स्वतःचं काहीच नसायचं. "नमस्कार मंडळी. या आठवड्यात आमच्या पाव्हण्यांचा दम लय सुधारला. नदीच्या संगमापतूर न थांबता गेलं. चढाला जरा पोटऱ्या धरत्यात, पण पुढच्या रविवारी त्येबी न्हाई राहायचं. माझं ठीक." त्या 'माझं ठीक'वर गटातल्या पोरांनी हसून हसून लोळण घ्यायची. एका डॉक्टरांनी तर मला विचारलं, "तुम्ही सेक्रेटरी ठेवलाय का हो?" मी आपला फुशारून जायचो. मला वाटायचं, माझा वेग व्याह्यांना झेपत नाही.

या सगळ्याचं मूळ लग्नाच्या बैठकीत होतं. देण्याघेण्याचा विषय निघाला तेव्हा मी सांगून टाकलं, "आम्हाला काही नको, मुलगी द्या, भरून पावलो." मला वाटलं, व्याही सुखावतील. त्यांचा चेहरा पडला. सगळं गाव बोलावून बसलेल्या माणसाला मुलाच्या बापानं काही मागूच नये, हे त्यांना अर्धवट सुटलेल्या कार्यासारखं वाटलं. व्याहीभेटीत मला उराशी धरलं तेव्हाही कानात पुटपुटले, "पाव्हणं, तुमचा मान द्यायचा राहिला." तेव्हापासून दर भेटीत तेच. गाडीवरून एवढ्या लांबून पळायला यायचे ते कधी रिकाम्या हातानं आले नाहीत. कधी शेंगा, कधी गूळ, कधी भडंगाची पिशवी. आणि निघताना गाडीला किक मारता मारता, "ह्ये कसलं, ह्यो काय मान न्हवं. एकदा तोंडानं मागा कायतरी." मी म्हणायचो, "मागीन, मागीन."

गेल्या साली आम्ही साताऱ्याच्या डोंगरातल्या अर्धमॅरेथॉनला नावं घातली. शहरातून निघायचं, यवतेश्वराचा घाट चढून वर जायचं आणि ठरलेल्या वेळेत उतरून परत यायचं. वेळेत आला त्याला पदक. व्याह्यांच्या गावच्या उत्साही मंडळींनी शर्यतीच्या आदल्या दिवशीच चौकात फ्लेक्स लावला. फेट्यातले व्याही, मागं डोंगर, खाली 'साताऱ्याचा घाट सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. घाट अजून सर व्हायचा होता, पण आमच्याकडं अभिनंदनाला कुणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मी घाटात बसत उठत चढलो, आणि माझ्यामागं अर्धं पाऊल व्याही. खाली आलो तेव्हा वेळ टळून गेली होती आणि पदकांच्या पेट्या टेम्पोत चढल्या होत्या. "सोन्याचं हाय व्हय ते?" व्याही मला धीर देत म्हणाले. "पितळ नुसतं. आपल्याला काय करायचंय!" मला खरंच वाटलं की त्यांना काही वाटलं नाही.

खरी गोष्ट मला यंदा श्रावणात कळली. कामानिमित्त विट्याला गेलो होतो, म्हटलं न कळवता व्याह्यांकडं डोकवावं. गावाजवळ पाझर तलावाच्या बांधावरून कुणीतरी सुसाट पळत होतं. मी गाडी थांबवून बघत राहिलो. ताठ मान, हलकं पाऊल, हात कसे लयीत. वळणावर तोंड दिसलं आणि मी चाटच पडलो. घरी विहीणबाईंनी चहा ठेवला. मी म्हटलं, "अहो, हे तर वाऱ्यासारखे पळतात!"

"व्हय, रोजच की," त्या म्हणाल्या. "रविवारी तुमच्यासंगं न्हाई तसं पळत."

"का?"

"आवं, मुलाच्या बापाच्या म्होरं कसं जायचं? मान हाय तो, म्हणत्यात." मग आवाज खाली आणून त्या बोलल्या, "त्यो फ्लेक्स अजून तसाच हाय. पोरास्नी काढा म्हणलं, तर म्हणत्यात, फुडच्या साली ह्योच चालंल. तवापासनं ह्ये चौकातनं जातच न्हाईत, शेतातनं वळसा घालून जात्यात. यंदा न्हाई जमलं तर बूट ठिवून देणार म्हणत्यात. तेवढं तुमी बगा."

मला चहा गोड लागेना. माणूस रोज पहाटे उठून एवढं कमावतो आणि रविवारी माझ्या पायाशी आणून ठेवतो, याचा मला राग आला आणि अभिमानही वाटला. राग थोडा, अभिमान फार. त्यानंतरच्या रविवारी मी त्यांना पुढं काढायचे नाना प्रयत्न केले. नाडी बांधली, तर त्यांनीही बांधली. रसाच्या गुऱ्हाळामागं लपलो, तर ते बाहेर उभे राहिले. शेवटी सरळ म्हणालो, "व्याही, तुम्ही पुढं व्हा." तर लगेच गुडघ्याला हात, "आवं, गुडघा कुरकुरतोय माझा. तुमचाच येग मला जड जातोय." इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शर्यतीच्या दिवशी घाटात धुकं उतरलं होतं, बारीक बुरबुर होती. वळणावळणावर ढोल वाजत होते. मी जीव खाऊन चढत होतो आणि मनात म्हणत होतो, आज यांना वेळेत पोचवायचं. पण अर्ध्या घाटात पोटरीत असा गोळा आला की मी कठड्यावर बसलोच. व्याही खाली बसून माझा पाय चोळायला लागले. आमच्या शेजारून डॉक्टर गेले, केमिस्ट गेले, मग आमच्याहून वयस्क मंडळीही गेली.

"तुम्ही जा," मी म्हटलं.

"ते काय जमायचं न्हाई," ते म्हणाले आणि पाय चोळत राहिले. वर बघितलंही नाही. पण त्यांना चौकातला तो फ्लेक्स दिसत होता हे मला कळत होतं.

तेव्हा मला सुचलं. एरवी मी असा हुशार नाही. मी म्हटलं, "व्याही, लग्नातला मान राहिलाय ना माझा? आज मागतो."

ते उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी नीट केली. भर घाटात, पावसात, अगदी बैठकीला बसल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "मागा."

"पुढं पळा. मागं वळून बघायचं नाही."

"आवं, असला कसला मान मागताय?"

"मुलाचा बाप आहे मी. मागीन तो मान द्यायचा."

 मग त्यांनी मला हात जोडले आणि निघाले. मी असं पळणं त्या दिवशी घाटात दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. पहिल्याच वळणाआधी त्यांनी केमिस्टला गाठलं. पाण्याच्या टेबलाशी उभ्या असलेल्या बाईंना मी ओरडून सांगितलं, "ते माझे व्याही आहेत!" त्यांनी मला पाणी दिलं. मी लंगडत चढत राहिलो. बऱ्याच वेळानं व्याही वरून उतरताना समोर आले. मला बघून त्यांचा वेग कमी झाला. मी पोलिसासारखा हात दाखवून ओरडलो, "मान!" त्यांनी चोरासारखी नजर फिरवली आणि खाली सुटले.

मी खाली पोचलो तेव्हा मैदान रिकामं होत आलं होतं. खुर्च्या एकात एक घातल्या होत्या, मंडपवाले शेवटच्या कमानीच्या दोऱ्या सोडायला आले होते. आणि कमानीखाली व्याही त्यांच्याशी हुज्जत घालत उभे होते, "आवं, कमान काढू नगा! मुलाकडची मंडळी अजून यायची हायती!" शेजारी सूनबाई तोंडाला रुमाल लावून हसत होती, का रडत होती, कोण जाणे. व्याह्यांच्या गळ्यात पदक होतं. वेळेत आले होते, चांगले आरामात आले होते. मला बघताच पुढं झाले आणि लग्नात धरलं होतं तसं मला उराशी धरलं. त्या वेळी मान खाली होती, या वेळी ताठ होती.

"मान पोचला का?" त्यांनी विचारलं.

"पोचला," मी म्हटलं. 

त्यांनी पदक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. सोनं जोखणाऱ्याच्या नजरेनं त्याच्याकडं बघत म्हणाले, "चोख हाय बगा. घट न्हाई." गेल्या साली पितळ होतं तेच हे. दुसऱ्या दिवशी ते पदक घालून गावच्या चौकातून गेले, दोनदा गेले असं विहीणबाई सांगतात. पोरांनी नवा फ्लेक्स केला. त्यावर व्याह्यांनी हट्टानं माझाही फोटो टाकायला लावला, आणि तो त्यांच्या फोटोच्या वर. वेळेत न पोचल्याबद्दल चौकात फ्लेक्स लागलेला मी महाराष्ट्रातला पहिलाच माणूस असेन.

आता माझं पळणं थांबलंय. ती पोटरी पुन्हा धरली आणि गटातल्याच डॉक्टरांनी मला बूट काढायला लावले. रविवारी मी मलकापुरात चहाच्या गाड्यावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघतो. व्याही अजून येतात, भडंगाची पिशवी माझ्या हातात देतात आणि पळायला जातात. अहवाल अजून टाकतात, पण तो आता फारच छोटा असतो. "माझं ठीक," एवढाच. त्यांना आता कुणाच्या मागं राहायची गरज नाही, आणि ते राहतही नाहीत. इंजिनिअरिंगच्या पोरांना मागं टाकून ते संगमाकडून परत येताना दिसले की मी गाड्यावरच्या सगळ्यांना सांगतो, ते माझे व्याही. फक्त एक आहे. रस्ता मोकळा असला तरी ते कडेनं पळत नाहीत. उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा सोडून पळतात.