शटर उचलण्याची वेळ

"सेठ, तोंडानं सांगू नका. शटर केव्हा उचलते ते मी पाहून घेतो."

एवढं बोलून तो माझ्या दुकानासमोर रस्त्यावर उभा राहिला. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि बॉलपेननं डाव्या तळहातावर वेळ लिहिली. असं सलग सहा दिवस. भर बाजारात, माझ्यावर पहारा बसवल्यासारखं.

सगळं खामगाव त्याला चाचा म्हणायचं. उभा जन्म त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश वाळले, तेव्हा मुलीकडून शिकून तो दुकानं फोनच्या नकाशावर चढवू लागला. नाव, रस्ता, नंबर, उघडण्याची वेळ. आणि चढवून गप्प बसायचा नाही. दर दोन महिन्यांनी फिरून तपासायचा. तुमच्याही बाजारात असा एखादा असेल. उपयोग सगळ्यांना, पण चारचौघांत तो आपल्याविषयी काय बोलेल याची धास्तीही सगळ्यांना.

माझं दुकान मोटारींचं. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यात नवी तार भरून देतो. फूटपाथवर गोणपाट अंथरून सुरुवात केली, आज तीन गाळे आहेत. यात कुणाचा हात नाही. भावावरून मी असा भांडतो, की तांब्याच्या तारेचा व्यापारी मला दुरून पाहताच आधी स्वतःसाठी पाणी मागवतो. आणि हा माणूस माझ्यासमोर तळहात धरून म्हणाला, "नऊ पस्तीस."

"आठ लिहा."

"आठले तुम्ही आंघोळ करता."

"मग साडेनऊ तरी."

"साडेनऊले शटर उचलता. मंग पाच मिनिटं अगरबत्ती फिरवता. तवर गिऱ्हाईक पायरीवर."

"समोरच्याचं काय लिहिलं?"

"आठ. त्याचं आठलेच उघडते."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा, माझाच धंदा करणारा. त्याचं नाव माझ्या गाळ्यात कुणी घेत नाही. माझं डोकं फिरलं. दुकान माझं, वेळ मी सांगीन, असं मी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

"पाटी तुमची असते, सेठ. वाचणारा तुमचा नसते," एवढं म्हणून तो निघून गेला.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका एजन्सीचा फोन आला. 'चोवीस तास उघडे' टाकलं तर नकाशावर सगळ्यांच्या वर दिसाल म्हणाले. टाका म्हटलं. महिनाभर मी समोरच्याच्या वर दिसत होतो आणि छाती काढून चालत होतो.

मग एका सकाळी वरवट बकालचा एक शेतकरी जळालेली मोटार टेम्पोत घालून सहा वाजता माझ्या शटरपुढे येऊन उभा राहिला. मिरचीची रोपं नुकतीच लावलेली, पाणी तुटलेलं. फोनवर दुकान उघडं, डोळ्यांसमोर कुलूप. त्यानं मला फोन केले. माझा फोन बंद.

मी साडेनऊला पोचलो तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं. टपरीवाल्यानं सांगितलं, चाचानं त्या माणसाला चहा पाजला आणि आठ वाजता मोटार समोरच्याकडे उतरवून दिली. स्वतः हात लावून.

मी त्याला भर रस्त्यात गाठलं.

"माझं गिऱ्हाईक त्याले काऊन दिलं?"

"त्याचं उघडं होतं."

"घरी निरोप धाडायचा मले."

"चोवीस तास उघड्या दुकानाच्या मालकाले घरी कुठं शोधू, सेठ?"

टपरीवरची सगळी माणसं हसली. ते हसू माझ्या कानात अजून आहे. त्या शेतकऱ्यानं नकाशावर एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'खोटं दुकान'. तो परत कधी आला नाही. चाचाला मी ते आजही माफ केलेलं नाही.

एजन्सीला वेळ बदला म्हटलं, तर त्यांनी फोन उचलणंच सोडलं. दुकान माझं आणि नकाशावरचा ताबा त्यांचा. शिव्या देऊन थकलो. तेव्हा न बोलावता चाचा आला.

"दुकान तुमचं आहे, याचा व्हिडिओ नकाशा कंपनीले पाठवा लागते. मी पाटीपासून सुरू करतो. कुलूप तुम्ही उघडा. मालकच उघडू शकते."

त्यानं फोन धरला. रागाच्या भरात मी भलतीच चावी कुलपात घातली.

"घाई नाही, सेठ," तो हळूच म्हणाला. "खरा मालकबी चाबी चुकते."

दुकान परत माझ्या नावावर आलं. वेळ त्यानं मला विचारलीच नाही. नऊ पस्तीस. सूड म्हणून मी नऊलाच शटर उचलायला लागलो. त्यानं सहा दिवस पाहिलं आणि सातव्या दिवशी मुकाट्यानं नऊ पाच केलं. अगरबत्ती काही त्यानं सोडली नाही. मीही कधी आभार मानले नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात चाचा गेला. एका शुक्रवारी दुपारी मी सहज फोनवर त्याचं दुकान काढलं. साइनबोर्ड पेंटर. 'बंद आहे. अडीच वाजता उघडेल.' शुक्रवारी एक ते अडीच नमाजासाठी बंद. स्वतःचीही वेळ त्यानं मिनिटांत लिहिलेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या तपासल्या आणि आता याचीच पाटी खोटी. मला भयंकर राग आला. कायमचं बंद झालं हे कुठून कळवायचं, ते मला माहीत होतं. व्हिडिओ पाठवला त्या दिवशी त्यानंच शिकवलं होतं.

पण तोंडी गोष्ट तो मानायचा नाही. म्हणून मी त्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. अडीच वाजले. फोनवर हिरव्या अक्षरांत 'उघडे आहे' आलं. शटर खालीच होतं.

मी आणखी पाच मिनिटं थांबलो. मग कळवलं.