आधी हवा, मग मशीन

जुने टायर गॅरेजच्या मागच्या भिंतीला साचतात. ते उचलायला गाडी येते. किस्सेही साचतात, पण ते उचलायला कोणी येत नाही. म्हणून मीच चार बाहेर काढतो.

कतारमध्ये, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात मी बावीस वर्षं व्हील अलाइनमेंट करतोय, म्हणजे गाडीची चाकं सरळ रेषेत आणतोय. शिक्षण सातवी. वय साठच्या पुढं, त्यामुळे माझा करार दरवर्षी नवा होतो आणि त्यावर मॅनेजरची सही लागते. माझा नियम एकच. गाडी मशीनवर घेण्याआधी चारही टायरची हवा मी माझ्या गेजने बघणार, तीही टायर थंड असताना. गाडी पूर्ण रिकामी पाहिजे. मग मशीन. घाई असेल त्याने दुसरं गॅरेज बघावं.

*

नवे मॅनेजर आले, फ्रान्सिस साहेब. वसईचे. माणूस चांगला, पण ऑफिसातून आलेला. पहिल्याच आठवड्यात घड्याळ बघत माझ्याशेजारी उभे राहिले.

"मामा, मशीन दहा मिनिटांत सगळं सांगतं. त्याआधी तुम्ही तासभर काय करता?"

"ते खरं सांगेल अशी सोय करतो."

"दिवसाला सहा गाड्या होतात. मला बारा पाहिजेत. उद्यापासून हवा-बिवा बंद."

"जमणार नाही."

"मग करारावर माझी सही होणार नाही. तिकीट काढून देईन, घरी जा."

"काढा. खिडकीजवळचं काढा. येताना मधली सीट मिळाली होती."

*

रविवारी सकाळी वाळूतले वीर येतात. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवार; तेव्हा वाळूच्या टेकड्यांवर गाडी चढवायची तर टायरमधली निम्मी हवा सोडतात, म्हणजे चाक रुतत नाही. रस्त्यावर आलं की परत भरायची असते.

अल थुमामाला राहणारे एक पुण्याचे इंजिनियर आले. नवी कोरी मोठी गाडी.

"स्टिअरिंग जड झालंय. अलाइनमेंट गेलीय. मी सगळे व्हिडिओ बघितलेत."

मी गेज लावलं. पस्तीस पाहिजे तिथं सोळा.

"वाळूत कधी गेला होतात?"

"शुक्रवारी."

हवा भरून दिली आणि एक चक्कर मारून या म्हणालो. ते हसत परत आले.

"एकदम हलकं झालं हो! काय केलंत?"

"तुमचा शुक्रवार संपवला."

मशीनला हात लावला नाही. फ्रान्सिस साहेब काचेमागून बघत होते. नंतर म्हणाले, "मामा, आलेलं काम परत पाठवलंत?"

"काम नव्हतंच, साहेब. दुखणं नसताना मी कापाकापी करत नाही."

*

बीडचा शिंदे कंपनीची कार चालवतो, बरवा अल बराहाला राहतो. जूनच्या दुपारी आला.

"मामा, हवा चाळीस दाखवत होती. जास्त झाली म्हणून मीच सोडली. आता बरोबर चौतीस आहे."

"कधी बघितलीस?"

"आत्ताच. एअरपोर्टवरून आलो न् लगेच."

"शिंदे, धावत आलेल्या माणसाची नाडी बघून तू त्याला आजारी म्हणशील का?"

"मग काय करायचं म्हणता?"

"गाडी सावलीत लाव, टायर थंड होऊ दे. तूही सावलीत बस."

बसला आणि झोपला. उठल्यावर गेज त्याच्याच हातात दिलं. अठ्ठावीस.

"मामा, कुणीतरी हवा चोरली राव!"

"चोर झोपला होता. उठवला नाही मी."

*

बिन महमूद भागात राहणाऱ्या एक नर्सबाई आहेत. त्याही वसईच्या, फ्रान्सिस साहेबांच्या ओळखीच्या. गाडी डावीकडे ओढते म्हणाल्या. डिकी उघडली तर पाण्याचे बारा बॉक्स, तांदळाच्या दोन गोण्या आणि सायकल. मी एकेक वस्तू खाली उतरवायला लागलो.

"मामा, तुम्ही चाकं बघणार की माझा संसार?"

"संसार खाली, मग चाकं."

त्या तडक केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

"फ्रान्सिस, हा माणूस तुझं ऐकतो का रे?"

"नाही, सिस्टर."

"मग राहू दे त्याला. वॉर्डात मला असाच एक पाहिजे."

*

पासपोर्टच्या कामासाठी मी एक दिवस सुट्टी घेतली. त्या दिवशी साहेबांनी बारा गाड्या काढल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या तीन परत आल्या.

साहेबांनी कागद पुढे केला. "बघा मामा, मशीनने सगळं हिरवं दाखवलंय."

मी पहिल्या गाडीला गेज लावलं. डावा चौतीस, उजवा पंचवीस.

"साहेब, लंगडत्या माणसाचं माप घेऊन तुम्ही पँट शिवलीत."

ते लाल झाले. "तरी नियम माझाच चालणार. गुरुवारी अरबाब गाडी घेऊन येतायत. त्यांच्यासमोर ठरवू. तुम्ही ऐकलं नाहीत तर खलास."

अरबाब म्हणजे गॅरेजचे मालक. ते कमी बोलतात.

*

गुरुवारी अरबाब आले. लांब शहानियाहून, स्वतः गाडी चालवत. साहेबांनी हात हलवला. "यल्ला मामा, सरळ मशीनवर."

मी मशीनच्या तोंडाशी उभा राहिलो. गाडी थांबली. काच खाली आली.

"क्या मुश्किल?"

"अरबाब, पहले गाडी खाली. फिर हवा. फिर मशीन."

"सर, सॉरी सर, ये बुढ्ढा..." साहेब पुढं आले. अरबाबनी हात वर केला. साहेब थांबले.

अरबाब उतरले. त्यांनी मागचं दार उघडलं. सीटवर छोट्या स्टँडवर ससाणा बसला होता, डोळ्यांवर चामड्याची टोपी. वजन असेल किलोभर.

"सदीक, ये भी?" सदीक म्हणजे दोस्त.

"ये भी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. करार संपायला अकरा दिवस उरले होते.

मग त्यांनी सीटवरचा जाड हातमोजा उचलला, फ्रान्सिस साहेबांच्या हातात चढवला, त्यावर ससाणा बसवला आणि ऑफिसात चहा प्यायला गेले.

साहेब हात पुढं, मान मागं करून उभे राहिले. ससाण्याने एकदा पंख झाडले. साहेबांनी डोळे मिटले.

"मामा," ते ओठ न हलवता म्हणाले, "हवा बघून घ्या ना लवकर."

मी वाकून टायरला हात लावला.

"गरम आहेत, साहेब. तासभर थांबावं लागेल."