चांदवडहून चालणारी हुकूमशाही

मी कट्टर स्वातंत्र्यवादी आहे आणि मला मधुमेह आहे. या दोन गोष्टी एका घरात सुखाने नांदत नाहीत, हे मला उशिरा कळलं.

झालं असं, की गंगापूर रोडवरच्या आमच्या वाचनकट्ट्यात माझं पहिलंवहिलं भाषण ठरलं. विषय : गेल्या शतकातल्या, भविष्याची धास्ती घालणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्या. भाषण रंगलं तर कट्ट्याचं अध्यक्षपद माझंच! (मनातल्या मनात मी हार घालून घेतलाही होता.) म्हणून चांदवडहून आलेल्या सासऱ्यांवर मी रंगीत तालीम केली.

"मामा, कल्पना करा. घरोघरी भिंतीवर एक यंत्र. तुम्ही काय खाता, काय बोलता, सरकार सगळं बघतंय! चुकलात की भिंतीतून आवाज, खबरदार!"

मामांचे डोळे चमकले. "लय भारी सोय हे की! फिरतं बी का ते?"

"मामा, ही भयकथा आहे!"

"ज्याच्या घरात शुगरवाला जावई नाय, त्याला वाटंल भयकथा!"

पुढच्या खेपेला मामा कांदाचाळीवरचा कॅमेरा उतरवूनच घेऊन आले. कांदे विकले गेल्यामुळे तो मोकळाच होता. बोलणारा, शिवाय मान वळवणारा! हॉलच्या कोपऱ्यात त्याची प्रतिष्ठापना झाली. बायकोने त्याला हळदकुंकूही वाहिलं. मग मामा चांदवडला खाटेवर पडून, मोबाइलवरून आमच्या घरावर राज्य करू लागले. "जावईबापू, दुसरा लाडू ठिवा खाली!" शेवटी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकून मी माझा स्वातंत्र्यलढा सुरू केला.

भाषणाच्या संध्याकाळी कट्टा आमच्याच हॉलमध्ये जमला. मी नुसता पेटलो होतो. "मित्रहो, पाळत ठेवणाऱ्यापुढे माणसाने मान तुकवता कामा नये!" टाळ्या! त्या भरात माझा हात समोरच्या गुलाबजामकडे गेला. पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही म्हणून बायकोने टॉवेल काढलाय, हे मला कोण सांगणार?

"जावईबापू! हात मागं!"

भिंत गरजली. गुलाबजाम पाकासकट माझ्या सदऱ्यावर! कट्ट्याचे चिटणीस देशपांडेकाका दचकून उभेच राहिले.

"हे... हे प्रात्यक्षिक होतं!" मी म्हणालो. पुन्हा टाळ्या! वाटलं, वाचलो.

"कशाचं प्रात्यक्षिक?" भिंत म्हणाली. "टॉवेल टाकून काय काय हाणलं ते लेकीनं सांगितलंय मला. श्रीखंडाचा आख्खा डबा!"

कट्टा हसून हसून लोळला. देशपांडेकाका डोळे पुसत कॅमेऱ्याला म्हणाले, "मामा, आमच्याकडे वेळेवर कोणी येत नाही, आलं तर पुस्तक वाचून येत नाही. जरा आमच्यावरही लक्ष ठेवाल का?"

"ठिवू की! सध्या रिकामाच हे मी."

लगेच अध्यक्षपदासाठी मामांचं नाव पुढे आलं. स्वातंत्र्याची चाड असलेली ती सगळी मंडळी एका सुरात "हो" म्हणाली. ठरावाला अनुमोदन मात्र मी दिलं. काय करणार? कॅमेऱ्याची मान माझ्याकडेच वळली होती!